उपजणे, पोसणे, लपवणे : नात्याबाहेरच्या ओढीचे विवेचन

मराठीत या विषयाला शब्द पुष्कळ आहेत, पण ते सगळे गोष्ट उघडकीला आल्यानंतरचे. लफडे, भानगड, प्रकरण, कुलंगडी. वर्तमानपत्रात ‘अनैतिक संबंध’, कोर्टात ‘व्यभिचार’. शेजारी, बातमीदार आणि वकील यांचे काम या शब्दांनी भागते. ज्याच्या मनात ते घडत असते त्याच्याजवळ मात्र ‘जीव जडला’, ‘मन गुंतले’, ‘ओढ वाटते’ एवढीच क्रियापदे उरतात, आणि लग्न झालेल्या माणसाला ती उच्चारायची सोय नसते. बारा वर्षे नीट संसार केलेल्या एका बाईला ऑफिसातल्या एका माणसाशी बोलल्याशिवाय दिवस पुरा झाल्यासारखा वाटत नाही. स्पर्शाचा प्रश्न आलेला नाही, कदाचित येणारही नाही. ती स्वतःच्या या अवस्थेला काय म्हणेल? शब्द नसल्यामुळे ती एक तर ‘आमच्यात काहीच नाही’ म्हणून विषय मिटवते, नाही तर स्वतःला व्यभिचारी ठरवून रात्रभर जागी राहते. पहिल्या वाटेने सावधपणा जातो आणि दुसऱ्या वाटेने विवेक.

म्हणून आधी व्याख्या. परस्परांना शब्द दिलेली दोन माणसे आहेत, लग्नाने किंवा लग्नाशिवाय. त्यांपैकी एकाला तिसऱ्या कोणाविषयी असे काही वाटू लागते की त्या व्यक्तीचा विचार न बोलावता येतो, तिच्याकडून प्रतिसाद यावा असे वाटते, आणि तो आला की नाही यावर सगळा दिवस अवलंबून राहतो. ही तिन्ही लक्षणे एकत्र असतील, तरच मी इथे ‘ओढ’ म्हणेन. एखादा गायक आवडणे, शेजारीण देखणी वाटणे, जुन्या वर्गमित्राशी तासभर गप्पा मारून हसत घरी येणे, यांतले काहीही या व्याख्येत बसत नाही. ते ओढूनताणून बसवण्याचा उद्योग संशयी माणसे करतात.

माझे म्हणणे असे आहे की ओढ उपजणे, ओढ पोसणे आणि ओढ लपवणे या तीन वेगवेगळ्या क्रिया आहेत. पहिलीवर माणसाची सत्ता जवळजवळ नसते, दुसरीवर बरीच असते, तिसरीवर पूर्ण असते. आपला समाज मात्र पहिलीवरच तुटून पडतो आणि तिसरीचा हिशेब सर्वांत शेवटी मागतो.

जुनी निरीक्षणे

आपल्या शास्त्रकारांनी हा विषय झाकून ठेवला नव्हता. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील पाचव्या अधिकरणाचे नावच ‘पारदारिक’ आहे. त्यात त्याने कामाच्या दहा अवस्था सांगितल्या : चक्षुःप्रीती, मनःसंग, संकल्पोत्पत्ती, निद्राच्छेद, तनुता, इतर विषयांपासून व्यावृत्ती, लज्जाप्रणाश, उन्माद, मूर्च्छा आणि मरण. भरताच्या नाट्यशास्त्रातही अवस्था दहाच, पण तिथे अभिलाषापासून सुरुवात होते आणि मध्ये चिंतन, अनुस्मृती, गुणकीर्तन अशा पायऱ्या येतात.

१९७९ साली डोरोथी टेनॉव्ह या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी शेकडो माणसांच्या अनुभवांवरून ‘लिमरन्स’ नावाची अवस्था वर्णन केली. तिची लक्षणे अशी : विचार आपोआप घुसतात, प्रतिसादाची तहान लागते, समोरच्याचे गुण वाढवून दिसतात आणि बाकीची कामे फिकी पडतात. गुणकीर्तन आणि विषयव्यावृत्ती यांचीच ही इंग्रजी रूपे. ही अवस्था साधारण दीड ते तीन वर्षे टिकते, असा टेनॉव्ह यांचा अंदाज होता. दीड वर्ष ही मुदत ध्यानात ठेवावी, पुढे ती उपयोगी पडेल.

वात्स्यायनाच्या क्रमात मला महत्त्वाची वाटते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीमधली जागा. मन चिकटते, आणि त्यानंतर संकल्प होतो. मनःसंग आणि संकल्प या दोन गोष्टी त्याने एका नावात गुंडाळल्या नाहीत. माणसाच्या हातात जे काही आहे ते या दोहोंच्या मधल्या जागेत आहे.

महाराष्ट्राला तर या विषयाचा वारसा फार जुना आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतातली. त्या सुमारे सातशे गाथांमध्ये गावातल्या सुना, वाटसरू, शेजारी, आत्या, सख्या आहेत, आणि घराबाहेर लागलेल्या ओढीकडे त्या उपदेश न करता पाहतात. पुढे आपल्या संतांच्या गौळणींत घरचे काम टाकून कृष्णाकडे निघालेली स्त्री हीच भक्तीची खूण झाली. सर्वांत उत्कट प्रेमाचे चित्र काढायचे तर ते उंबऱ्याबाहेर धावणारे हवे, हे ज्या समाजाने देवघरात मान्य केले त्याने माणसाच्या बाबतीत निदान हे मन ओळखीचे आहे एवढे तरी कबूल करायला हरकत नव्हती.

उपजणे

ओढ कोणाविषयी लागेल हे पुष्कळदा गुणांपेक्षा अंतर ठरवते. अमेरिकेतील एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वेस्टगेट वसाहतीत फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांनी केलेला अभ्यास १९५० साली प्रसिद्ध झाला. एकाच मजल्यावर लगतच्या दाराआड राहणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हणून निवडले होते; त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांच्या बाबतीत हे प्रमाण १० टक्के होते. अंतर होते काही पावलांचे. हे मैत्रीविषयी झाले, पण ओढ याच वाटेने येते. शेजारचे टेबल, ठरलेली लोकल, एकाच वेळी सुटणारी शिकवणी, सोसायटीच्या गच्चीवरचा योगवर्ग. ‘नेमका हाच माणूस मला भेटला, यात काही संकेत असेल’ असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या टेबलाची जागा आधी पाहावी.

दुसरे कारण शरीराचे. १९७४ साली डटन आणि ॲरन यांनी कॅनडात व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नदीवरच्या उंच झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना एका तरुणीने काही प्रश्न विचारले आणि आपला फोन नंबर दिला. नंबर घेणाऱ्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला. जवळच्या कमी उंचीच्या भक्कम पुलावर हेच केले तेव्हा १६ पैकी दोघांनीच. भीतीने वाढलेली धडधड त्या माणसांनी समोरच्या स्त्रीच्या खात्यावर लिहिली होती. आपल्याकडे हा झुलता पूल मार्चअखेरच्या ताळेबंदात असतो, रुग्णालयातल्या रात्रपाळीत असतो, राज्य नाट्य स्पर्धेच्या शेवटच्या आठवड्यातल्या तालमीत असतो. ताण, जागरण आणि एकत्र मिळवलेले यश यांमुळे छाती भरून येते आणि शेजारी जो उभा असेल तो त्या भरून येण्याचे कारण वाटतो.

तिसरे कारण मला सर्वांत खोल वाटते. आर्थर आणि इलेन ॲरन यांनी १९८६ पासून मांडलेले सूत्र असे की जवळच्या नात्यातून माणूस स्वतःचा विस्तार शोधतो : नवी दृष्टी, नवी कौशल्ये, स्वतःविषयीची नवी ओळख. लग्नाच्या पहिल्या वर्षांत हा विस्तार झपाट्याने होतो. मग तो थांबतो. ज्याला घरी ‘अहो, गॅस संपलाय’ एवढीच हाक येते त्याला कोणीतरी विचारते, ‘सर, तुम्ही पूर्वी गायचात ना?’ जिच्या दिवसाची मोजदाद डबे, औषधे आणि गृहपाठ यांत होते तिच्या एखाद्या वाक्यावर कोणीतरी थबकतो आणि म्हणतो, ‘हे तुम्ही लिहून का नाही काढत?’ त्या क्षणी जे जागे होते ते खरे असते. त्याला खोटे ठरवून काही साधत नाही. ते कोणामुळे जागे झाले यापेक्षा इतकी वर्षे का झोपले होते, हा प्रश्न मोठा आहे.

इथे आपल्या समाजाच्या एका रीतीचा विचार करायला हवा. स्त्री-पुरुषांच्या निखळ मैत्रीला आपल्याकडे जागा नव्हती, म्हणून नात्याची नावे देऊन ती वसवली गेली. मानलेला भाऊ, गुरुभगिनी, दादा, ताई, वहिनी. रक्षाबंधन आणि भाऊबीज यांनी त्याला विधीचे कुंपण दिले. या व्यवस्थेने पुष्कळ माणसांना सुरक्षित जवळीक दिली, हे मान्य करायलाच हवे. पण नाव बदलल्याने भावना बदलतेच असे नाही, आणि ती बदलली नाही तर ‘वहिनी’ म्हणणाऱ्याला आपली ओढ कबूल करण्याची वाटच उरत नाही. आजच्या कार्यालयात ही नावे गेली, पहिल्या नावाने हाका आल्या. कुंपण गेले, पण मैत्री कशी सांभाळायची याचे शिक्षण मात्र कोणी दिले नाही.

पोसणे

उपजलेली ओढ खायला न घातल्यास बहुधा आपोआप विरते. प्रत्येकाच्या आयुष्यात अशा दहा-वीस विरून गेलेल्या ओढी असतील, ज्यांची आता नावेही आठवत नाहीत. जी टिकते ती पोसलेली असते.

तिचे मुख्य खाद्य अनिश्चितता. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली दाखवले की बक्षीस दर वेळी मिळण्याऐवजी कधी मिळते, कधी मिळत नाही अशा रीतीने दिले, तर प्राणी ते मिळवण्याची खटपट जास्त चिकाटीने करतो आणि बक्षीस बंद झाल्यावरही लवकर सोडत नाही. पूर्वी ही अनिश्चितता पत्राच्या टपालाइतकी संथ होती. २०१४च्या अखेरीस व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा आल्या आणि तिने वेग घेतला. वाचले आहे, उत्तर नाही. ‘टायपिंग’ दिसले, थांबले. रात्री पावणेबाराला ‘ऑनलाइन’. विवाहित माणसांच्या ओढीत तर अनिश्चितता अंगभूतच असते, कारण दोघांनाही हवे तेव्हा बोलता येत नाही. सुट्टीचे दोन दिवस गप्प जातात आणि सोमवारचा पहिला संदेश सणासारखा वाटतो. त्या आनंदातला केवढा भाग माणसाचा आणि केवढा रविवारच्या उपासाचा, हे वेगळे काढून पाहणे अवघड असते, पण पाहावे.

दुसरे खाद्य असमान तुलना. फ्रेंच लेखक स्तांदाल याने १८२२ साली प्रेमावरच्या आपल्या ग्रंथात साल्झबुर्गच्या मिठाच्या खाणींचे उदाहरण दिले : खाणीत टाकलेली वठलेली फांदी काही महिन्यांनी बाहेर काढली तर ती स्फटिकांनी लखलखत असते आणि मूळ फांदी ओळखू येत नाही. तिसऱ्या माणसावर असे स्फटिक चढायला अवकाश मिळतो, कारण त्याचे वीजबिल आपल्या टेबलावर नसते. त्याच्या आईचे पथ्यपाणी आपल्याला करावे लागत नाही, आणि त्याचे घोरणे आपल्या झोपेत येत नाही. नवरा किंवा बायको रोज त्या खाणीच्या बाहेर, उन्हात उभी असते. ही तुलना करणारा माणूस वाईट नसतो. त्याच्यापुढची मापे वेगळी आहेत हे त्याला दिसत नाही एवढेच.

याच्या उलटही एक शक्ती काम करते. जॉन्सन आणि रुसबल्ट यांच्या १९८९ सालच्या अभ्यासात असे आढळले की जी माणसे आपल्या नात्याला मनापासून बांधलेली असतात ती पर्यायी आकर्षक व्यक्तीला नकळत कमी लेखतात, आणि ती व्यक्ती जितकी आकर्षक तितके अधिक कमी लेखतात. म्हणजे बांधिलकी नुसती मोह आवरत नाही, ती दृष्टीच बदलते. ज्याच्या डोळ्यांना तिसरा माणूस दिवसेंदिवस मोठा दिसू लागला आहे त्याने आपल्या बांधिलकीची तब्येत पाहायला हवी. ती कदाचित ओढ लागण्याच्या आधीपासूनच खालावली असेल.

पण पोसण्याच्या सगळ्या कृतींत मी सर्वांत घातक मानेन ती जोडीदाराच्या उणिवा त्या तिसऱ्या माणसाजवळ बोलणे. त्यातून तिसऱ्याला एक रिकामी जागा दाखवली जाते, मापासकट. ज्याला ती भरायची आहे त्याला तेवढे पुरते.

लपवणे

रवींद्रनाथ ठाकूर यांची ‘नष्टनीड’ ही दीर्घकथा १९०१ सालची. सत्यजित राय यांनी १९६४ साली तिच्यावर ‘चारुलता’ काढला. कलकत्त्यातले सधन घर, इंग्रजी वर्तमानपत्र चालवण्यात बुडालेला भूपती, घरात एकटी पडलेली वाचनवेडी चारू, आणि भूपतीचा धाकटा आतेभाऊ अमल. ज्यांना वाटते की स्पर्श नाही तर काहीच नाही, त्यांनी ही कथा वाचावी. तिच्यात अंगाला अंग लागण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे गुपित असते ते एका बागेच्या आराखड्याचे आणि नंतर लिखाणाचे. अमलने जे लिहिले ते दोघांपुरतेच राहावे, अशी चारूची इच्छा असते. तो ते मासिकात छापतो तेव्हा सगळे कौतुक करतात, आणि तिला मात्र जिव्हारी लागते. एखादा लेख छापून आला म्हणून कोणाला असा घाव का बसावा? कारण त्या लेखाभोवती तिने कुंपण घातले होते आणि आतली जागा म्हणजेच तिचे खरे घर झाले होते. अमल लग्न करून विलायतेला निघून जातो. मग कळते की चारूने दागिने गहाण टाकून त्याला तार केली होती. भूपतीला हे कळते तेव्हा त्याला बायकोने प्रेम केले याहूनही ते आपल्यापासून किती मेहनतीने दडवले याचा धक्का अधिक बसतो, असे मी ती कथा वाचते तेव्हा मला वाटते. ठाकुरांनी तिन्ही माणसांना चांगले ठेवले आहे. म्हणूनच ती कथा या विषयाचे सर्वांत नेमके विश्लेषण आहे : खलनायक काढून टाकला तरी घर मोडते, मग मोडणारी गोष्ट कोणती ते शोधा.

प्रयोगही याच दिशेने बोट दाखवतात. वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली अनोळखी स्त्री-पुरुषांना पत्ते खेळायला बसवले आणि काही जोड्यांना टेबलाखाली पायाला पाय लावून ठेवायला सांगितले. ज्यांचा स्पर्श इतरांपासून लपवलेला होता त्यांना एकमेकांविषयी अधिक आकर्षण वाटले. गुपित राखायचे म्हणजे त्याचा सतत विचार करावा लागतो, आणि सततच्या विचारालाच मन प्रेम समजते. मात्र लपवलेली नाती दीर्घकाळ चालली की ती ओझे होतात आणि त्यातले सुख घटते, असे नंतरच्या संशोधनात दिसले आहे. सुरुवातीला चढवणारे तेच पुढे दमवते.

अमेरिकेतील वैवाहिक समुपदेशक शर्ली ग्लास यांनी २००३ सालच्या पुस्तकात खिडक्या आणि भिंतींची कल्पना मांडली. नवरा-बायकोत खिडकी असते आणि बाहेरच्या जगापुढे भिंत. भावनिक गुंतवणूक वाढते तशी ही रचना उलटते. तिसऱ्याला घरातले सगळे दिसते, घरच्याला तिसऱ्याविषयी काही दिसत नाही. ही मांडणी मला पटते, कारण तिने प्रश्न भावनेच्या तीव्रतेवरून हलवून माहितीच्या प्रवाहावर आणला. किती प्रेम वाटते हे मोजता येत नाही. कोणाला काय सांगितले जाते, हे मोजता येते.

आपल्या घरात ते असे दिसते. पगारवाढीचे पत्र हातात पडले, डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या, मुलाला प्रवेश मिळाला. पहिला फोन कोणाला जातो? संदेश वाचून लगेच पुसले जातात का? नंबर ‘गॅस एजन्सी’ या नावाने ठेवला आहे का? बायको खोलीत आल्यावर मोबाईल पालथा होतो का? यांपैकी एकही गोष्ट शरीराची नाही, कोणत्याही कोर्टात पुरावा म्हणून ती फारशी चालणार नाही. पण ज्याने ती केली त्याला आपण काय केले हे माहीत असते. मैत्रीला टोपणनावाची गरज पडत नाही.

मुंबईत घडणाऱ्या ‘द लंचबॉक्स’ या २०१३ सालच्या चित्रपटात चुकीच्या टेबलावर गेलेल्या डब्यातून इला आणि साजन फर्नांडिस चिठ्ठ्या लिहू लागतात. भेट ठरते तेव्हा तो तिला लांबून पाहतो आणि समोर येत नाही. पुष्कळ प्रेक्षकांनी त्याला पळपुटा म्हटले. मला ते त्या कथेतले सर्वांत जबाबदार कृत्य वाटते, कारण चिठ्ठीतली माणसे आणि खुर्चीवरची माणसे एकच नसतात हे त्याला दिसले.

घरातले माणूस

डेव्हिड बस यांनी १९९२ साली विद्यार्थ्यांना विचारले की जोडीदाराचा दुसऱ्याशी शरीरसंबंध जास्त दुखवेल की भावनिक जवळीक. स्त्रियांमध्ये भावनिक जवळीक निवडणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त निघाले, आणि त्यावरून उत्क्रांतीचे मोठे सिद्धान्त रचले गेले. डेस्टेनो आणि सॅलोव्ही यांनी १९९६ साली आक्षेप घेतला की उत्तर देणारा मनात एकावरून दुसरे गृहीत धरतो, त्यामुळे हा फरक स्वभावाचा आहे असे म्हणता येत नाही. तो वाद इथे वाढवत नाही. दुखावलेल्या माणसाच्या तोंडून जे निघते ते या तक्त्यांपेक्षा वेगळे असते. ‘मी तेव्हा काय करत होते, आणि तू माझ्याशी बोलताना कोणाशी बोलत होतास?’ मागची दोन वर्षे त्याच्यासाठी बदलून जातात. ज्या सहली आनंदाच्या वाटल्या होत्या त्यांचे फोटो पुन्हा पाहावे लागतात.

पण संशय हीसुद्धा हिंसा आहे. बायकोचा फोन तपासणे, तिच्या ऑफिसात चौकशा करणे, चारचौघांत टोमणे मारणे, हे नात्याचे रक्षण म्हणून खपवले जाते. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात पत्नीच्या चारित्र्यावर केलेले बिनबुडाचे आरोप ही मानसिक क्रूरता ठरवली.

कायदा

भारतीय दंड संहितेच्या ४९७ कलमाने परपत्नीशी तिच्या पतीच्या संमतीशिवाय संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला गुन्हेगार मानले होते. पतीची संमती असेल तर गुन्हा नाही, आणि गुन्हेगाराच्या स्वतःच्या बायकोला तक्रारीचा अधिकार नाही. संस्कृत काव्यशास्त्रात नायिकेचे स्वकीया आणि परकीया असे भाग पडतात. कलमाचा पायाही तोच, बाई कोणाची हा. मुंबईच्या एका खटल्यात १९५४ साली हे कलम टिकले. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या निकालाने ते पुन्हा टिकले. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते एकमताने रद्द केले, आणि त्या पीठावर त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. एका मराठी घरातल्या दोन पिढ्यांत विवाहित स्त्रीकडे पाहण्याची कायद्याची नजर बदलली.

व्यभिचार आज गुन्हा नाही, पण हिंदू विवाह कायद्यात तो घटस्फोटाचे कारण आहे, आणि तिथे त्याचा अर्थ शरीरसंबंध असाच आहे. नुसती ओढ त्यात बसत नाही. २०१३ साली गुजरातमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पतीची सहकारी स्त्रीशी जवळीक एवढ्यावरून दंड संहितेच्या ४९८अ कलमाखालील क्रूरता सिद्ध होत नाही. कायद्याने मनाच्या आत शिरू नये, हे योग्यच आहे. मात्र कायद्यातून सुटलेली गोष्ट म्हणजे कोणाचेच देणे लागत नाही, असा अर्थ काढणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि तो अर्थ चूक आहे.

त्याच सप्टेंबर २०१८ मध्ये समलिंगी संबंधही गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले. घरच्यांच्या दबावाखाली लग्न केलेल्या समलिंगी माणसांची नात्याबाहेरची ओढ वेगळ्या जातीची असते. तिथे प्रश्न मोहाचा नसून सुरुवातीलाच लादलेल्या खोट्या शब्दाचा असतो, आणि त्याचे ओझे त्या दोघांइतकेच लग्न जुळवणाऱ्यांवरही आहे.

काय करता येते

दाबून टाकणे उपयोगाचे नाही. वेग्नर यांनीच १९८७ साली दाखवले की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्या माणसांना नंतर अस्वल अधिक आठवले. भावनेशी भांडण्यापेक्षा तिचे खाद्य कमी करणे सोपे आहे. एकाच ऑफिसात राहावे लागत असेल तर कामाचे बोलणे कामाच्या वेळेत, रात्रीचे संदेश बंद, घरच्या तक्रारी तिथे नाहीत. पहिले काही आठवडे फार कठीण जातात. टेनॉव्ह यांची दीड वर्षाची मुदत इथे आठवावी : त्या काळात घर मोडण्याचा किंवा नवे मांडण्याचा निर्णय घेऊ नये. कधी कधी ओढ विरल्यावरही संसार रिताच दिसतो. तसे असेल तर वेगळे होणे हा स्वतंत्र, प्रामाणिक निर्णय आहे. तो तिसऱ्याच्या भरवशावर घेतलेला नसावा.

घरच्या बाजूनेही काम असते. आर्थर ॲरन यांनी २००० साली काही जोडप्यांचे मनगट आणि घोटे एकमेकांना बांधून, गादीवर रांगत, हात न लावता एक उशी पलीकडे न्यायला लावली. सात मिनिटांच्या या खटाटोपानंतर त्यांना आपले नाते अधिक समाधानाचे वाटले. उशीत काही जादू नाही. दोघांनी मिळून काही नवे आणि जरा अवघड केले, एवढेच. जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या बारीकसारीक हाकांची नोंद केली : ‘बाहेर बघ, पाऊस आला’ यासारख्या. सहा वर्षांनंतर एकत्र असलेल्या जोडप्यांनी अशा ८६ टक्के हाकांना उत्तर दिले होते, विभक्त झालेल्यांनी ३३ टक्के. ‘अहो, गॅस संपलाय’ हीसुद्धा एक हाक असते, तिला उत्तर कोणत्या सुरात जाते यावर पुष्कळ अवलंबून असते.

आणि सांगणे. प्रत्येक क्षणिक ओढ घरी आणून ओतावी असे मी म्हणणार नाही. त्याने स्वतःचे मन हलके होते आणि दुसऱ्याचे जड. पण भिंत उभी राहू लागली असेल तर सांगावे, आणि ऐकणाऱ्याने पहिला प्रश्न ‘कुठपर्यंत गेलं?’ हा विचारू नये. हे सगळे जिथे दोघांना एकमेकांची भीती वाटत नाही अशा घरासाठी आहे. जिथे मारहाण किंवा धमकी आहे तिथे कबुलीजबाब देऊ नका. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे आणि १८१ हा महिला मदतीचा क्रमांक आहे.

बाकीच्यांपैकी ज्यांच्या मनात आज असे कोणी आहे त्यांना एक विनंती. या आठवड्यात त्या व्यक्तीला सांगितलेल्या आणि घरी न सांगितलेल्या गोष्टी कागदावर लिहून काढा. त्यांतली सर्वांत लहान गोष्ट आज रात्री घरी सांगा.